शून्य फर्म्यांचं पुस्तक

घडीताईला कुणी तिच्या खऱ्या नावाने हाक मारली असती, तर तिने बहुधा मागे वळूनही पाहिलं नसतं. पुस्तकं बांधण्याच्या त्या कारखान्यात ती एकोणीस वर्षं कागदाच्या घड्या घालत होती, आणि तिचं नाव त्या घड्यांमध्येच कुठेतरी दुमडून गेलं होतं. छापखान्यातून मोठमोठे कागद यायचे. एका कागदाला चार घड्या घातल्या की सोळा पानं व्हायची. या सोळा पानांच्या जुडीला म्हणायचं फर्मा. फर्मे एकावर एक रचायचे, दोऱ्याने शिवायचे, दिवसभर दाबात, म्हणजे स्क्रू आवळून पुस्तक चेपणाऱ्या यंत्रात, घालायचे आणि मग पुठ्ठ्याचं कव्हर चढवायचं. सांगायला एवढंसं, पण करताना कंबर धरते.

घड्या घालण्यात तिचा हात कुणी धरू शकत नव्हतं. गठ्ठ्याच्या कडेवरून अंगठा फिरवून ती सांगायची, "यात एक फर्मा कमी आहे." मोजून पाहणारा आधी हसायचा, मग खजील व्हायचा. पण तिचं मन घड्यांमध्ये कधीच रमलं नव्हतं. तिचं मन होतं समोरच्या भिंतीपाशी, कापणीच्या टेबलावर.

बायकांनी खिडकीपाशी बसून घड्या घालायच्या नि शिवायचं, पुरुषांनी भिंतीपाशी उभं राहून पुठ्ठे आणि कापड कापायचं, अशी तिथली रीत होती. ती कुठे लिहिलेली नव्हती, त्यामुळे खोडायचीही सोय नव्हती. त्या टेबलावर पुस्तकाचं माप ठरायचं. तिथे उभं राहणाऱ्याला मालकसुद्धा "जरा बघता का?" असं विचारायचे. घडीताईने दोनदा ते काम मागितलं होतं. पहिल्यांदा सगळे हसले. दुसऱ्यांदा मालक म्हणाले, "बघू." आता या 'बघू'चा अर्थ काय, हे संसार केलेल्या बाईला वेगळा शिकवावा लागत नाही.

टेबलावर तीस वर्षं राज्य होतं दाभणकाकांचं. फर्मे टोचायची जाड सुई म्हणजे दाभण, आणि काकांची जीभ अगदी तशीच. त्यांचं एकच तत्त्व होतं: पुस्तक समोर आल्याशिवाय पाठ कापायची नाही. कपाटात उभं ठेवलेलं पुस्तक आपल्याकडे जी अरुंद बाजू करून उभं असतं, ती त्याची पाठ. तिच्यासाठी कापडाची पट्टी कापायची, तिला म्हणायचं पाठपट्टी. काका प्रत्येक पुस्तक मोजायचे, तेव्हा कुठे पट्टी कापायचे, आणि माप आपल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेल्या तक्त्यात पेन्सिलने लिहायचे. डावीकडे फर्मे, उजवीकडे पाठीची रुंदी मिलिमीटरमध्ये. चाराला बारा, सहाला पंधरा, आठाला अठरा, दहाला एकवीस, चौदाला तीस, अठराला तेहेतीस. तीस वर्षांत एवढ्या सहाच ओळी, कारण तेच तेच आकडे परत लिहायचा काकांना कंटाळा. पण लिहिलं ते लिहिलं. कारखान्यात तो तक्ता म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

मग काकांना जवळचं दिसेनासं झालं. मोजपट्टीवरच्या बारीक रेघा एकमेकींत मिसळू लागल्या, तेव्हा त्यांनी स्वतःच सुरी खाली ठेवली. तरी घरी करमेना म्हणून रोज येऊन दाराशी स्टुलावर बसायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याच्या चुका काढायचे. टेबल रिकामं झालं. त्यावर मालकांनी आपल्या मेहुण्याला आणून उभं केलं. मेहुणे स्वभावाने वाईट नव्हते, पण उंटावरून शेळ्या हाकायची सवय. खिशात मोबाइल आणि मोबाइलमध्ये कॅल्क्युलेटर असला की जगात काहीच अवघड उरत नाही, असं त्यांचं ठाम मत होतं.

अशातच ते मोठं काम आलं. आठ भागांचा शब्दकोश, साठ संच. पाठपट्टीवर सोनेरी अक्षरं, आणि दोन्ही कडांना सोनेरी रेघ. मेख अशी होती की अक्षरं ठसवणाऱ्या कारागिराला फक्त याच आठवड्यात सवड होती, आणि छापील कागद यायचे होते पुढच्या आठवड्यात. म्हणजे पुस्तक यायच्या आधी त्याची पाठ कापायची! काठाला रेघ असल्यामुळे रुंद झालेली पट्टी मागून छाटता येणार नव्हती, आणि अरुंद झाली तर प्रश्नच मिटला. कोणत्या भागात किती फर्मे, एवढं मात्र छापखान्याने कळवलं होतं. सगळ्यात बारीक भाग वीस फर्म्यांचा, सगळ्यात जाड तिसांचा. आणि तक्ता संपत होता अठरावर.

"देवाने शहाणपण वाटलं तेव्हा लोक कुठे होते?" काका दाराशी करवादले. "न जन्मलेल्या पोराचं अंगडं शिवताय!"

मेहुण्यांनी कॅल्क्युलेटर काढला. "सोपं आहे. दहाला एकवीस, तर वीसला दुप्पट. बेचाळीस."

ऐकायला इतकं सरळ होतं की मालकांनी मान डोलावली. घडीताईचा अंगठा मात्र नकळत तर्जनीवर घासला गेला. वीस फर्म्यांचा गठ्ठा तिने हाताळला नव्हता असं थोडंच? बेचाळीस फार होत होते. किती फार, ते तिला सांगता येत नव्हतं. आणि "अंगठ्याला वाटतं" हे काही कारण म्हणून चालत नाही.

दुपारी सगळे जेवायला गेले तशी ती कपाटापाशी गेली आणि दार उघडून तक्त्यासमोर उभी राहिली. गणिताशी तिचा शाळेपासून छत्तीसचा आकडा. सातवीत बाईंनी तिची वही वर्गाला दाखवून सांगितलं होतं, "असं करू नका." तेव्हापासून आकडे दिसले की तिची नजर आपोआप दुसरीकडे जायची. एकोणीस वर्षं या दारावरून ये-जा करून तिने तक्ता असा कधी वाचलाच नव्हता. आज मात्र तिने वाचला. घडी घालताना एक कड धरून दुसरीकडे जातात, तसा एका ओळीवरून दुसरीवर.

चाराला बारा, सहाला पंधरा. दोन फर्मे वाढले, तीन मिलिमीटर वाढले.

सहाला पंधरा, आठाला अठरा. पुन्हा तीन. आठाला अठरा, दहाला एकवीस. पुन्हा तीनच!

तिच्या अंगावर काटा आला. दोन फर्म्यांना तीन, म्हणजे एका फर्म्याला दीड. हे तर तिच्या अंगठ्याला कधीपासून ठाऊक होतं! पण मग चार फर्म्यांचे चार दीड सहाच होतात, आणि काकांनी लिहिलेत बारा. वरचे सहा आले कुठून? ती तक्त्यात उलटी चढू लागली. चाराला बारा, तर दोनाला नऊ. दोनाला नऊ, तर शून्याला सहा.

शून्य फर्म्यांचं पुस्तक सहा मिलिमीटर जाड! "घ्या," ती स्वतःशीच पुटपुटली, "पान एक नाही आणि पुस्तक जाड." सातवीतल्या बाई डोळ्यांपुढे उभ्या राहिल्या. ती दार लावणार होती. खरंच लावणार होती. पण लावता लावता तिची नजर टेबलावर गेली. तिथे पुठ्ठे पडले होते.

तिने दोन पुठ्ठे उचलले. आतून लावायचे अस्तराचे कागद घेतले, वरचं कापड घेतलं. पुस्तकावर चढवतात तसे सगळे एकमेकांवर ठेवून दाबून धरले, मध्ये एकही पान नाही, आणि काकांची पोलादी पट्टी लावली.

सहा. केसभर कमी नाही, केसभर जास्त नाही.

घडीताई त्या ओस कारखान्यात एकटीच खदखदून हसली. शून्य फर्म्यांचं पुस्तक तिच्या हातात होतं! फर्मे चार असोत की चाळीस, पुठ्ठे दोनच. ते सहा मिलिमीटर सुरुवातीला एकदाच मोजायचे, बाकी फर्म्याला दीड. वीसला किती? वीसची दीडपट तीस, अधिक सहा, छत्तीस. छत्तीसचा आकडा! तिला परत हसू फुटलं, इतकं की डोळ्यांतून पाणी आलं.

संध्याकाळच्या चहाला तिने मालकांना गाठलं. मेहुणे होतेच.

"बेचाळीस नाही, छत्तीस," ती म्हणाली.

"ताई, तुम्ही घड्या घाला," मेहुणे हसत म्हणाले. "दहाची दुप्पट वीस होते, हे तरी मान्य आहे ना?"

"आहे की. मग चाराची दुप्पट आठ. चाराला बारा, तर तुमच्या हिशेबाने आठाला चोवीस हवेत. काकांनी काय लिहिलंय, बघून या."

मेहुणे बघून आले. त्यांचा चेहरा उतरला. "अठरा," ते म्हणाले.

"कारण तुम्ही पुस्तकाबरोबर पुठ्ठेही दुप्पट केलेत. पुस्तकाला दोन पुठ्ठे असतात, मेहुणे, चार नाही."

मालकांनी चहाचा कप खाली ठेवला. मग उठले आणि स्वतः कपाटापाशी गेले. एकेक ओळ ते पुटपुटत पडताळू लागले. चार, सहा, आठ, दहा, सगळं चोख. आणि मग थांबले. "घडीताई, चौदाला तुमच्या हिशेबाने एकवीस आणि सहा, सत्तावीस. इथे तीस आहेत."

 घाईघाईत घडीताईने ती ओळ नीट पाहिलीच नव्हती. अठराला परत तेहेतीस, बरोबर जुळत होते. मध्ये एकटा चौदाच आडवा आला होता.

"तक्ता खोटा की तुमचा नियम खोटा?" मेहुण्यांना पुन्हा जोर चढला.

दाराशी बसलेल्या काकांनी मान वर केली. "माझ्या तक्त्यात खोट काढतेय कोण?"

 घडीताई शिडी घेऊन माळ्यावर चढली. कारखान्यातल्या प्रत्येक पुस्तकाची एक प्रत तिथे नमुना म्हणून ठेवलेली असायची. धूळ नाकातोंडात गेली, पदर काळा झाला, पण चौदा फर्म्यांचं ते पुस्तक तिने शोधून काढलंच. तळाशी होतं, वर वीस-पंचवीस पुस्तकांचं ओझं. खाली आणून तिने ते टेबलावर ठेवलं. त्याची पाठ ढिली होती, पोक आल्यासारखी. मापाने मोठा सदरा घातलेल्या माणसासारखं ते पुस्तक दिसत होतं.

तिने पाठीचं कापड मोजलं. तीस. मग दोन्ही पुठ्ठ्यांसकट पुस्तक दाबून धरलं आणि मोजलं. सत्तावीस.

"काका," ती हळू आवाजात म्हणाली, "हे दाबात घातलं नव्हतं का हो?"

काका उठले, चाचपडत टेबलाशी आले आणि त्यांनी त्या ढिल्या पाठीवरून बोटं फिरवली. सगळ्यांना वाटलं, आता दाभण टोचणार. पण म्हातारा ओशाळं हसला.

"दाबाचा स्क्रू तुटला होता त्या दिवशी. गिऱ्हाईक दारात बसलेलं. फुगलेल्या पुस्तकाचंच माप घेतलं मी. महिन्याभरात ते खाली बसलं आणि पाठ अशी झाली. म्हणून तर माळ्याच्या तळाशी घातलं, कुणाच्या दृष्टीला पडू नये म्हणून."

"मग तक्त्यातला आकडा खोडला का नाहीत?"

"मोजला होता ना मी! मोजलेलं खोटं कसं म्हणायचं?" काका म्हणाले. मग तिच्याकडे तोंड करून म्हणाले, "पण पोरी, न मोजता तुला कसं कळलं?"

तिने दोन रिकामे पुठ्ठे त्यांच्या हातात दिले आणि सगळं सांगितलं. सांगता सांगता तिचा आवाज चढत गेला, आणि काका एकदाही मध्ये बोलले नाहीत. त्यांच्या बाबतीत हे नवलच.

मालकांनी घसा खाकरला. "चारशे ऐंशी पट्ट्या आहेत, ताई. चुकलं तर काम गेलं, नाव गेलं."

"चुकलं, तर जन्मात परत त्या टेबलाचं नाव काढणार नाही," घडीताई म्हणाली. "बरोबर आलं, तर टेबल माझं. 'बघू' नाही, माझं."

मालकांनी मेहुण्यांकडे पाहिलं, मग काकांकडे. काका म्हणाले, "कापू दे तिला."

तीन दिवस तिने पट्ट्या कापल्या. वीसला छत्तीस, एकवीसला साडेसदतीस, बावीसला एकोणचाळीस, अशा करत तिसाला एक्कावन्न. पहिली पट्टी तिने तीनदा मोजून कापली, दहावी एकदाच मोजून. पट्ट्या सोनेरी होऊन परत आल्या आणि कपाटात जाऊन बसल्या. आता नुसती वाट पाहायची. तिला घास गोड लागेना. घरी नवऱ्याने विचारलं तेव्हा तिने त्याला शून्य फर्म्यांच्या पुस्तकाची गोष्ट सांगितली.

"एकही पान नाही?" तो म्हणाला. "असं पुस्तक शाळेत असतं तर मीसुद्धा पहिला आलो असतो." ती हसली, आणि त्या दिवशी तिला जरा झोप लागली.

छापील कागद आले. घड्या तिनेच घातल्या, शिवलं बाकीच्या बायकांनी. पहिल्या, वीस फर्म्यांच्या भागाची पहिली प्रत शिवून झाली न झाली तोच मेहुण्यांनी ती उचलली, दोन्ही बाजूंना पुठ्ठे लावले, मोजपट्टी लावली आणि ओरडले, "एकोणचाळीस! सांगितलं नव्हतं?"

 मालक खुर्चीवरून अर्धे उठले. खिडकीपाशी बसलेल्या बायकांनी सुया थांबवल्या.  घडीताईने पुस्तकावर तळवा ठेवला. ते हाताखाली मऊ लागलं, फुगलेलं, ताजं.

"आधी दाबात घाला," ती म्हणाली. "एकाच चुकीला दोन वेळा बळी पडायचं का?"

दाराशी काका इतके हसले की त्यांना ठसका लागला.

पुस्तक दिवसभर दाबात होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी कुणी आपापल्या जागी गेलंच नाही. सगळे टेबलाभोवती. घडीताईने स्क्रू सैल केला, पुस्तक काढलं, पुठ्ठे लावले, आणि पोलादी पट्टी स्वतः न लावता मेहुण्यांच्या हातात दिली. मेहुण्यांनी मोजलं. परत मोजलं. पट्टी उलटी करून मोजलं.

"छत्तीस," ते म्हणाले. आणि माणूस मनाचा मोठा म्हणायचा, पुढे म्हणाले, "बरोब्बर छत्तीस."

बायकांनी अशा काही टाळ्या पिटल्या की रस्त्यावरचा पाववाला डोकावून गेला. सोनेरी पाठपट्टी पुस्तकावर बसली ती अशी, की दोन्ही रेघा कडांवर येऊन ठाकल्या. मग उरलेले सात भाग. एकही पट्टी ढिली नाही, एकही ताणलेली नाही. सगळ्यात जाड, तिसाचा भाग दाबातून निघाला तेव्हा मालकांनी तो स्वतः मोजला आणि एक्कावन्न म्हणायच्या आधीच हसले. आठ भाग कपाटात ओळीने उभे राहिले, शाळेच्या रांगेतल्या पोरांसारखे नीट. एकोणीस वर्षांत घडीताईला आपल्या कामाचा इतका अभिमान कधी वाटला नव्हता. ती तिथे उभी राहून सरळ रडली, आणि लपवायच्या भानगडीत पडली नाही.

काकांनी पेन्सिल मागितली. कपाटाचं दार उघडून ते तक्त्याला नाक लावून उभे राहिले. चौदापुढचे तीस त्यांनी खोडले आणि सत्तावीस लिहिले. मग घडीताईला म्हणाले, "आण ते तुझं बिनपानांचं पुस्तक." तिने दोन पुठ्ठे, अस्तर आणि कापड एकत्र धरलं. काकांनी पट्टी लावली, दिसत नव्हतं म्हणून नखाने रेघा मोजल्या, एक, दोन, सहापर्यंत. तत्त्वाचा माणूस, मोजल्याशिवाय थोडाच लिहिणार? मग सगळ्या ओळींच्या वर, जिथे तीस वर्षं कोरी जागा होती, तिथे त्यांनी लिहिलं: शून्याला सहा.

पोलादी पट्टी त्यांनी परत ठेवली नाही. तिच्या हातात दिली आणि स्टुलाकडे वळले.

अर्ध्या वाटेत थांबून त्यांनी विचारलं, "घडे, शंभर फर्म्यांचं किती गं?"

घडीताईने मान वर न करता सुरी कापडावर टेकवली. "एकशे छप्पन्न."

"एवढं जाड पुस्तक कोण छापणार आहे, मूर्ख!"

"छापू द्या हो, काका," टेबलामागून ती म्हणाली, "पाठ मी कापून ठेवते."